३७% एचसीएलपासून ०.१ नॉर्मल सोल्यूशन बनवताना एन१ काय घ्यायचा?

तुम्ही विचारलंय की एक लिटर ०.१ नॉर्मल एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) बनवायचंय, बॉटलवर ३७% लिहिलंय, एन१व्ही१ = एन२व्ही२ मध्ये (एन म्हणजे नॉर्मॅलिटी, व्ही म्हणजे व्हॉल्यूम; १ मूळ ॲसिडचं, २ बनवायच्या सोल्यूशनचं) एन१ म्हणून ३७ टाकले तर २.७ मिली येतं आणि सर म्हणतात चूक. सर बरोबर आहेत. ३७ ही नॉर्मॅलिटी (लिटरमागे रिॲक्शनमध्ये भाग घेणारे एच प्लस किंवा इलेक्ट्रॉन किती मोल) नाहीच, तो वजनाचा हिशोब आहे, १०० ग्रॅम ॲसिडमध्ये ३७ ग्रॅम एचसीएल, आणि तुम्ही मोजणार मिलीमध्ये. ग्रॅमवरून मिलीवर यायचं तर डेन्सिटी लागतेच, ती त्याच लेबलवर बारीक अक्षरात असते, साधारण १.१८ ग्रॅम प्रति मिली.

आता बघा, एक लिटर ॲसिडचं वजन ११८० ग्रॅम, त्याचे ३७ टक्के म्हणजे ४३६.६ ग्रॅम, भागिले मोलर मास ३६.४६, उत्तर जवळपास १२. हा तुमचा एन१. मग ०.१ × १००० ÷ १२ = ८.३ मिली. डेन्सिटी विसरून सरळ ३७० ला ३६.४६ ने भागणारेही खूप असतात, त्यांचा एन१ १०.१ येतो, ते ९.९ मिली घेतात आणि सोल्यूशन १८ टक्के जास्त स्ट्राँग होतं, टायट्रेशनची (माहीत सोल्यूशन थेंबथेंब घालून दुसऱ्याची स्ट्रेंग्थ काढण्याची) रीडिंग्ज का जुळत नाहीत ते मग कळतच नाही.

एचसीएलला मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल) आणि नॉर्मॅलिटी सारखीच येते कारण एका रेणूमागे एकच एच प्लस, पण सल्फ्युरिकला दोन, म्हणून तिथे ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलर. पोटॅशियम परमँगनेट तर आणखी वेगळं, लिटरमध्ये ३.१६ ग्रॅम घातलं की ॲसिडिक मिडियममध्ये ते ०.१ नॉर्मल, पण न्यूट्रलमध्ये तेच सोल्यूशन, तीच बॉटल, ०.०६ नॉर्मल, कारण तिथे पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतले जातात. म्हणजे रिॲक्शन माहीत नसेल तर नॉर्मॅलिटी सांगताच येत नाही, म्हणून माझं मत विचाराल तर वहीत आधी मोलॅरिटी लिहा, नॉर्मॅलिटी नंतर काढा.

बनवताना फ्यूम हूडखालीच बनवा, पिपेटला बल्ब लावा, तोंडाने अजिबात ओढू नका. फ्लास्कमध्ये आधी अर्ध्याच्या वर डिस्टिल्ड वॉटर, मग ॲसिड, हलवून रूम टेंपरेचरला येऊ द्या आणि मग फ्लास्कवरच्या एक लिटरच्या मार्कपर्यंत पाणी. १००० मिली पाणी मोजून त्यात ८.३ मिली ओतायचं नाही हं, एक लिटर हे सगळं मिळून व्हायला हवं.

आणि एवढं करूनही ते "अंदाजे ०.१" च असतं, कारण बॉटल उघडली की एचसीएल वाफेने उडत राहतं, जुन्या बॉटलमध्ये ३७ टक्के उरलेलं नसतं. त्यामुळे सोडियम कार्बोनेट ओव्हनमध्ये नीट सुकवून, ०.५३ ग्रॅम १०० मिलीत विरघळवून (हे झालं ०.१ नॉर्मल) मिथाइल ऑरेंज (रंग बदलून शेवट दाखवणारा इंडिकेटर) घालून तुमच्या ॲसिडने टायट्रेट करा, आणि जो आकडा येईल, ०.०९८ असो की ०.१०३, तोच लेबलवर तारखेसकट लिहा, पुढचं सगळं कॅल्क्युलेशन त्यावरच करायचं. तुमच्याकडच्या बॉटलवर ३५% असेल तर वरचाच हिशोब ३५ आणि लेबलवरची डेन्सिटी घालून करा, ८.३ च्या जागी साधारण ८.८ मिली येईल.