प्रेक्षकाला कुठे बसवायचं?

प्रश्न : आमची संस्था स्वातंत्र्य आणि सामाजिक न्यायाच्या लढ्यांवर कायमचं दालन उभारते आहे. नव्या पिढीला ‘अनुभव’ हवा, म्हणून व्हीआर (चष्म्यातून दिसणारं आभासी जग), धूर, किंकाळ्या असं काय काय सुचवलं जातंय. गुलामांच्या जहाजाचा तळही करायचा म्हणतात. तुमचं मत?

उत्तर : तळ करू नका. दोन मिनिटं अंधारात उभं राहून माणूस बाहेर येतो आणि आपल्याला सगळं कळलं अशा समजुतीत चहा प्यायला जातो. यातनेची नक्कल नेहमी खोटीच पडते. त्यापेक्षा प्रेक्षकाला त्या इतिहासात एखादी जागा द्या आणि तिथे त्याला काहीतरी करावं लागू द्या.

अमेरिकेत अटलांटाच्या नागरी व मानवी हक्क केंद्रात (ते २०१४ मध्ये सुरू झालं) खाण्यापिण्याचं एक साधं काउंटर आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्याच ग्रीन्सबरो शहरात, वूलवर्थ दुकानातल्या अशाच, फक्त गोऱ्यांना खाणं मिळणाऱ्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले होते, त्या सत्याग्रहाचा हा प्रसंग. स्टुलावर बसायचं, हेडफोन लावायचे, तळवे काउंटरवर टेकून डोळे मिटायचे. मग अगदी कानाशी शिव्या, धमक्या. मागून लाथ बसावी तसं स्टूल हादरतं. दिसत काहीच नाही. तुमचं काम एवढंच, की हात उचलायचा नाही. बहुतेकांना ते जड जातं.

मला हे पटतं ते एका कारणासाठी. त्याच लढ्यात अहिंसेचं प्रशिक्षण देणारे जेम्स लॉसन नॅशव्हिल शहरातल्या कार्यशाळांत तरुणांकडून नेमकी हीच तालीम करून घेत. आपलीच माणसं शिव्या देणार, ढकलणार आणि समोरच्याने शांत राहायचं. म्हणजे आजचा प्रेक्षक मार खाणाऱ्याचं सोंग घेत नाही, तो तालमीला बसतो. तुमच्या विषयात अशी खरी कृती कोणती, हे आधी शोधा. यंत्रं मग बघू.

यंत्रं लागतातच असंही नाही. जोहान्सबर्गच्या वर्णद्वेष संग्रहालयात तिकिटावरच तुम्ही ‘गोरे’ की ‘गोरेतर’ हे छापून येतं, कातडी न बघता. आणि त्याप्रमाणे तुमचं दार ठरतं. सोबत आलेल्यांचीही फाटाफूट होते. खर्च फक्त तिकिटाचा! अमेरिकेत माँटगोमेरीच्या संग्रहालयात, झुंडीने कृष्णवर्णीयांना जिथे ठार मारलं त्या जागांची माती बरण्यांत भरून ठेवली आहे. बरणीवर नाव, ठिकाण, तारीख. पुढे काही सांगावं लागत नाही.

बाकी, दालनाबाहेर आत काय आहे ते स्पष्ट लिहा आणि नको असेल त्याला वळसा घालून जाता येईल अशी वाट ठेवा. तीव्र प्रसंगानंतर लगेच दुसरा तीव्र प्रसंग नको. मध्ये बाकं हवीत, उजेड हवा. एका दालनातला आवाज शेजारी झिरपला की दोन्ही दालनं वाया जातात, म्हणून शक्य तिथे हेडफोनच वापरा. ज्यांच्या घराण्यांनी हे भोगलं त्यांना उद्घाटनाला नव्हे, आराखड्याच्या पहिल्या बैठकीला बोलवा.

आणि स्क्रीनची ऑर्डर द्यायच्या आधी पुठ्ठ्याचा खऱ्या मापाचा नमुना करून त्यात शाळेचा एक वर्ग सोडा. मुलं कुठे थांबतात आणि कुठे एकमेकांना ढकलत पुढे पळतात, ते टिपून ठेवा.