बाईंच्या रचना कुणाच्या अंगात आहेत?

प्रश्न : आमच्या नृत्याच्या बाई गेल्या वर्षी गेल्या. शहापुरात त्यांनी आयुष्यभर वर्ग चालवला. शिक्षण भरतनाट्यमचं, पण स्वतःच्या रचना आधुनिक. हातमागाच्या ठेक्यावर त्यांनी बसवलेलं नृत्य जुन्या बेळगावकरांना आठवत असेल. मागे एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात व्हीएचएस कॅसेट, वह्या आणि फोटो आहेत. आम्ही काही जुन्या शिष्या एकत्र आलो आहोत. सुरुवात कुठून करावी?
– एक शिष्या, शहापूर (बेळगाव)

उत्तर : ट्रंक आणखी थोडे दिवस बंद राहिली तरी चालेल. सुरुवात तुमच्यापासून करा. ज्या ज्या मुली बाईंच्या रचनांत नाचल्या, त्यांची यादी आज रात्रीच लिहायला घ्या. कोण लग्न होऊन पुण्याला गेली, कोण हुबळीला, कोणाचे गुडघे आता साथ देत नाहीत, सगळं लिहा. वयानं सगळ्यात मोठी जी असेल तिच्याकडे आधी जा.

असं का म्हणते ते सांगते. कॅसेटमध्ये दिसतो तो एका संध्याकाळचा प्रयोग. त्या दिवशी एकीचा पाय मुरगळलेला होता, रंगमंच लहान म्हणून शेवटची फेरी कापली होती, पाठीमागची मुलगी एक मात्रा उशिरा वळली होती, यातलं काहीही कॅसेट सांगणार नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती कॅसेट बघून रचना बसवली, तर ती चूकसुद्धा बाईंची म्हणून बसवली जाईल. बाईंनी तालमीत काय दुरुस्त केलं, कुठे ओरडल्या, कुठल्या जागी ‘श्वास सोड, मग हात उचल’ म्हणाल्या, हे फक्त तुमच्या अंगात आहे.

अमेरिकेतले आधुनिक नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम २००९ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी गेले. आपल्या मागे आपल्या नृत्यमंडळीचं काय करायचं हे त्यांनी जिवंतपणीच ठरवून ठेवलं होतं. मंडळीनं एक शेवटचा मोठा दौरा करायचा आणि मग विसर्जित व्हायचं. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये शेवटचा प्रयोग झाला. पण त्याआधी एकेका रचनेचा स्वतंत्र संच तयार करण्याचं काम सुरू झालं होतं. त्या संचात प्रयोगाची चित्रफीत, कनिंगहॅम यांची टिपणं, प्रकाशयोजनेचा आराखडा, वेशभूषेची रेखाटनं, संगीत आणि सोबत नर्तकांच्या मुलाखती असतात. त्यांच्या रचनांत संगीत आणि नृत्य वेगवेगळं तयार होत असे, त्यामुळे गाणं ऐकून पाऊल आठवण्याची सोयच नव्हती. नर्तकाला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुमच्या बाईंच्या प्रत्येक रचनेसाठी असा एकेक संच करा. त्याला मोठा खर्च लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

मुलाखत कशी घ्यायची, यावर थोडं सविस्तर. टिळकवाडीतल्या एका जुन्या वर्गाच्या मुलींना (मुली कसल्या, आज्या झाल्यात) मी असं बसवलं आहे, त्या अनुभवावरून सांगते. पहिल्या फेरीत प्रत्येकीला वेगळं बसवा. एकत्र बसवलं की जिचा आवाज मोठा तिची आठवण खरी ठरते. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारू नका, सगळ्या ‘फार प्रेमळ होत्या’ म्हणतील आणि तिथेच थांबतील. ‘तू कुठून आत यायचीस? तुझ्या उजवीकडे कोण असायचं? नजर कुठे ठेवायची?’ असं विचारा. बसून आठवलं नाही तर उभं करा. पाऊल पडलं की पुढचं आपोआप येतं. गुडघा चालत नसेल तर खुर्चीत बसून हातांनी दाखवू दे.

दुसऱ्या फेरीत सगळ्यांना एकत्र आणा आणि चित्रीकरण करा. एक कॅमेरा समोर, तिकाटण्यावर, न हलणारा, पावलांपासून बोटांपर्यंत सगळं चौकटीत. दुसरा पाठीमागून, कारण शिकणारी मुलगी पाठीमागे उभी राहूनच शिकते, तिला डावं-उजवं उलटं करावं लागत नाही. चेहऱ्याचे जवळून टिपलेले देखणे तुकडे घेण्याच्या मोहात पडू नका, त्यात पाय हरवतात. प्रत्येक रचना आधी संगीतासह, मग तोंडानं मात्रा मोजत, मग तुकड्या-तुकड्यानं सावकाश बोलत करा. भांडण होईलच. १९८८ ची मुलगी म्हणेल इथे फिरकी होती, १९९५ ची म्हणेल नव्हती. दोन्ही खरं असणार, कारण बाई रचना बदलत होत्या. तिथे निवाडा करू नका. दोन्ही रूपं वर्ष घालून नोंदवा.

नृत्यतज्ज्ञ रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये मांडलेली नृत्यलिपी (हालचाली चिन्हांत लिहिण्याची पद्धत) जगभर वापरात आहे. पण ती लिहिणारा तयार माणूस आपल्या भागात शोधत बसाल तर दोन पावसाळे जातील. तुमच्या बाईंच्या वह्यांतली काटकुळी माणसं, बाण, ताल आणि कडेची टिपणं पुरेशी मौल्यवान आहेत. आपल्या मराठीतच याचा दाखला आहे. तंजावरच्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नृत्यासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे नाचून सादर करायच्या रचना, रचली. ती तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांत राहिली. पुढे आचार्य पार्वतीकुमारांसारख्या नृत्यगुरूनं आपलं आयुष्य त्यात घातलं, तेव्हा ती पुन्हा मंचावर आली. कागदानं शब्द आणि ताल टिकवले, पण अंग त्यांना द्यावं लागलं. तुमच्याकडे अजून दोन्ही आहे, म्हणून तर मी घाई करायला सांगते आहे.

आता ट्रंक. बेळगावच्या पावसात कॅसेटला बुरशी धरते. रिळावर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. ती तर खराब होईलच, शिवाय यंत्रातून बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. तशा कॅसेट वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि जाणकाराकडेच साफ करायला द्या. बाकीच्यांचं लवकर डिजिटल रूपांतर करून घ्या. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या जपानी कंपनीनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे चालू यंत्र मिळणं दरवर्षी अवघड होत जाणार. फाइलच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक बेळगावाबाहेर राहू दे. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ म्हणून जपू नका, तिचा दर्जा खालावलेला असतो. मूळ कॅसेट उभ्या ठेवा आणि फेकू नका.

आणि यादी मराठी-कन्नड दोन्ही लिपींत करा. बाईंच्या वर्गात दोन्ही घरच्या मुली होत्याच ना? त्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात शिकतील कुणी सांगावं. उद्या त्यांच्यापैकी एखादीला बाईंची वही उघडावीशी वाटली तर लिपी आडवी येऊ नये.

प्रश्न : रंगीत वेशभूषा आणि जरीच्या साड्या कशा ठेवाव्यात? – खानापूर

उत्तर : प्लास्टिकच्या पिशवीतून आधी बाहेर काढा, आत ओल कोंडते. खळ धुऊन काढलेल्या जुन्या सुती कापडात किंवा मलमलीत गुंडाळा. जरीची घडी एकाच रेषेवर राहिली की तिथे तुटते, म्हणून घडी न घालता नळीवर गुंडाळली तर उत्तम. डांबरगोळी जरीला चिकटू देऊ नका. घामाचे डाग, उसवलेली शिवण, आतून लावलेली पिन हे सगळं तसंच राहू दे आणि त्याचा फोटो घ्या. नाचताना कापड कुठे ताणलं जात होतं ते त्यातूनच कळतं.

प्रश्न : सर गेल्यावर त्यांचे पुतणे म्हणतात, ‘रचना आमच्या घराण्याच्या, आम्हाला विचारल्याशिवाय करायच्या नाहीत.’ आम्ही शिष्य म्हणतो, सरांनी आम्हाला दिल्या. बरोबर कोण? – निपाणी

उत्तर : मनानं मी तुमच्या बाजूची आहे, पण कायदा बहुधा पुतण्यांच्या बाजूनं बोलेल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, मात्र ती लिहून किंवा अन्य रीतीनं पक्क्या रूपात उतरलेली असावी लागते. हक्क रचनाकाराचा, आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं त्याच्या वारसांचा. नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतोच. सर पगारावर एखाद्या संस्थेत होते आणि त्या नोकरीचा भाग म्हणून रचना केल्या, तर मात्र चित्र वेगळं, तिथे संस्था मालक ठरू शकते. अमेरिकेतल्या नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम १९९१ साली गेल्या आणि त्यांचा वारसदार व त्यांची संस्था यांच्यात नेमकं यावरूनच कोर्टात जुंपली. मधल्या काळात मंडळीचं कामही ठप्प झालं. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं बहुतेक रचना संस्थेच्या ठरवल्या, कारण ग्रॅहम संस्थेच्या नोकरीत होत्या. तो कायदा तिकडचा. पण एवढी मोठी कलावंत, आणि तिच्याच नृत्यावर तिची मंडळी नाचू शकत नव्हती, हे वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं.

म्हणून कोर्टाच्या पायरीआधी पुतण्यांना तालमीला बोलवा. त्यांनी सरांना घरात पाहिलं असेल, शिकवताना कदाचित कधीच नाही. ते बघितल्यावर बोलणं सोपं जातं. मग एक लेखी करार करा : कोणती रचना, कोण शिकवणार, कुठे, किती वर्षं, मानधनातला वाटा किती, आणि पत्रिकेवर सरांचं नाव कसं छापायचं. मुदत लिहायला विसरू नका, कारण ती लिहिली नाही तर कायद्यानुसार हक्काचं हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं. वापरलेल्या गाण्याचे हक्क वेगळे असतात, तेही बघा.

आणि रचना बंद पेटीत ठेवू नका. नर्तक उदय शंकर यांचं अल्मोड्याचं नृत्यकेंद्र काही वर्षांतच बंद पडलं. त्यांचं नृत्य आज आपल्याला दिसतं ते मुख्यतः १९४८ च्या ‘कल्पना’ चित्रपटामुळे, आणि तो चित्रपटही कित्येक वर्षं लोकांना नीट बघायला मिळत नव्हता. २०१२ साली कान महोत्सवात त्याची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. उलट महाराष्ट्रातल्या वाड्याला जन्मलेल्या आणि चेन्नईत काम केलेल्या नृत्यरचनाकार चंद्रलेखा २००६ मध्ये गेल्या, तरी त्यांची शेवटची रचना ‘शरीर’ त्यांच्याच नर्तकांनी पुढे नाचत ठेवली. भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू यांतून घडलेलं ते काम नुसतं वर्णन वाचून कुणाला कळलं असतं?

प्रश्न : आमचे सर ऐंशीच्या घरात आहेत, हिंडते-फिरते आहेत. त्यांच्या मागे रचनांचं काय, हे विचारायला धीर होत नाही. – महाविद्यालयीन विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : ‘तुमच्या मागे’ हा शब्दच काढू नकोस. ‘सर, अमुक रचना मला पहिल्यापासून शिकवा, मी लिहून घेतो’ म्हण. शिकवता शिकवता विचार : हे संगीत बदललं तर चालेल का? मुलींऐवजी मुलांनी केलं तर? ही रचना कुणी करूच नये असं वाटतं का? ‘करू नका’ म्हणण्याचाही त्यांना हक्क आहे, तो प्रामाणिकपणे लिहून ठेव. मन मोकळं झालं की मृत्युपत्राचा विषय त्यांच्याच तोंडून येण्याची शक्यता जास्त. तेव्हा दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाल. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, स्टॅम्पपेपर आणि नोंदणी सक्तीची नाही. आणि छापून प्रसिद्ध न झालेली वही त्यांनी मृत्युपत्रात कुणाला दिली, तर वेगळं काही लिहिलेलं नसल्यास त्या रचनेचा हक्कही त्याच माणसाकडे गेला असं कायदा धरतो. तेव्हा वही पुतण्याला आणि रचना शिष्यांना द्यायची इच्छा असेल, तर ती मृत्युपत्रात स्पष्ट शब्दांत लिहायला हवी. निपाणीच्या पत्रातला तंटा तिथेच टळला असता.