माझ्या २०११ च्या टाटा झेनॉन पिकअपमध्ये पुढून खडखड आवाज येतो आणि टायर आतून झिजतात. मेकॅनिक म्हणतो पुढचं सस्पेन्शन पूर्ण करा. करावं का?

करा, पण आधी काय गेलंय ते स्वतः बघा. माझी झेनॉन २०१० ची आहे. हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात रोज खेप असते आणि शेतापासून डांबरीपर्यंत दोन किलोमीटर नुसते दगडगोटे. पुढचं काम मी दोनदा केलंय, कारण पहिल्यांदा टाकलेले नवे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) चार महिन्यांत फाटले. तुमचे पैसे तसे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

या गाडीला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला चॅसीशी जोडणारा एक वरचा आणि एक खालचा आर्म. स्प्रिंगचं काम टॉर्शन बार करतो. चॅसीच्या कडेने मागे गेलेली ती लांब पोलादी कांब. तिला पीळ बसतो आणि त्या पिळावर गाडीचं पुढचं वजन उभं राहतं. तपासताना जॅक चॅसीखाली लावू नका. बार ज्या आर्मला बसलाय त्याच आर्मखाली, चाकाच्या जमेल तितक्या जवळ लावा. नाहीतर पिळाच्या जोराने बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाकाकडची बाजू जोडणारा गोळ्याचा सांधा, दाबलेला राहतो आणि गेलेला असला तरी घट्ट वाटतो.

मग चाक वरून आणि खालून धरून हलवा. ढिलाई लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खटखट लागली तर बहुधा टायरॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक हातानेच हलवून बघा. खड्ड्यातला खडखडाट कित्येकदा तेवढ्यावरच थांबतो आणि ते काम तासाभराचं आहे.

टायरवरून तळहात आडवा फिरवा. करवतीच्या दातांसारखं टोचलं तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं सरळ पुढे न बघता आत किंवा बाहेर वळलीत. गुळगुळीत आणि फक्त आतली कड खाल्लेली असेल तर बहुतेक गाडी पुढून बसलीय. वरचा आर्म आखूड असतो, त्यामुळे गाडी खाली बसली की चाक वरच्या बाजूने आत कलतं.

आर्म खोलायची वेळ आलीच तर त्याआधी सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. बार आणि त्याची दोन्ही टोकं जिथे बसतात तिथे रंगाची रेघ मारा, ॲडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर आहेत तेही मोजा. डावा बार उजवीकडे बसवू नका, दोघांचा पीळ उलट्या दिशेचा असतो. बारावर छिन्नी-हातोड्याचा ओरखडाही नको, तडा तिथूनच जातो. पीळ पूर्ण सोडवल्याशिवाय आर्मचे बोल्ट काढायचे नाहीत, आणि गाडी जॅकवर नाही, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची. त्या कांबेत माणूस मारण्याइतका जोर असतो.

बॉल जॉइंट सोडवताना नट दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे सुटल्यावर आर्म अंगावर येणार नाही. बसवताना स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट ढिला करून जुळवू नका, थोडा पुढे आवळा. पिन नवीच घाला.

आता माझे बुश का फाटले ते. आर्मच्या बुशमध्ये बाहेर एक लोखंडी नळी, आत एक, मध्ये रबर चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळतं. माझ्या मेकॅनिकने चाकं लटकलेली असतानाच बोल्ट फुल टाइट केले. गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेले, आणि रबर त्या क्षणापासून पिळलेलंच राहिलं. वर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. काढून बघितलं तेव्हा रबर नळीपासून गोल सुटलेलं होतं, बोट आत जाईल इतकं. सामान चांगलं होतं, मजुरीही पूर्ण दिली होती. फार वाईट वाटलं.

म्हणून बोल्ट आधी नुसते टेकवा. गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चारदा दाबून हलवा, लिहून ठेवलेली उंची (गाडी बसलेली होती तर मॅन्युअलमधली) बारच्या बोल्टने जुळवा आणि मगच गाडीखाली जाऊन बुशचे बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. मेकॅनिकला हे आधीच सांगा आणि त्या वेळी तिथे उभे राहा. दुसऱ्यांदा मी असंच केलं, त्याला आता तीन हंगाम झाले.

बार आवळून गाडी पुढून मूळ उंचीपेक्षा उंच करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आर्म खाली झुकतात, बॉल जॉइंट वाकड्या कोनात राबतात आणि गाडी उसळायला लागते.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी: आधी कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), मग टो. मी पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर उंची परत मोजली, तेव्हा डावी बाजू बोटभर बसली होती. ती सारखी करून अलाइनमेंट पुन्हा करून घेतलं.