मुंबईत पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याचा टँक लावतोय. क्लाउनफिश कधी सोडू?

टँक भरल्यावर निदान ४ ते ६ आठवडे थांबा. रिकाम्या टँकमध्येच चिमूटभर खाद्य टाकत राहा. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर टँकमधल्या दगडांतले, हे विष पचवणारे जिवाणू वाढतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, तेही विषारी) दोन्ही शून्य आले की मगच क्लाउनफिश. चौपाटीचं पाणी अजिबात नको. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट (स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे!) विरघळवून हायड्रोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) १.०२५ आणा. पाणी उडून पातळी उतरली की वरून साधं आरओचंच पाणी घाला, कारण मीठ उडत नाही, खारेपणा वाढत जातो. आणि हो, मे महिन्यात पाणी सहज ३० अंशांवर जातं. शोभेच्या वस्तू नंतर घ्या, आधी चिलरचे (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे) पैसे बाजूला काढा.