जोसेफ ट्राक्सेल इतके चांगले टेनर होते, तर जगभर त्यांचं नाव का झालं नाही?

तुम्ही लिहिलंय की ट्राक्सेल या जर्मन टेनरची (टेनर म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून थक्क झालात, पण पावरोत्ती, डोमिंगो ऐकणाऱ्या तुमच्या मित्रांपैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं. मग ते कुठे कमी पडले का?

अजिबात नाही. त्यांनी नोकरी केली. जर्मनीत ऑपेरा गाणं ही पगारी नोकरी असते, आणि ती कशी चालते ते कळलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

जर्मनीत आजही ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं राज्य सरकारं आणि नगरपालिकांच्या पैशावर चालतात. त्यातल्या बहुतेकांकडे स्वतःचा गायकवर्ग असतो, त्याला एनसेम्बल म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांमध्ये नट पगारावर असत, साधारण तसंच, फक्त इथे मुक्काम एकाच गावात. करारात तुमच्या आवाजाचा प्रकार, म्हणजे ‘फाख’, लिहिलेला असतो. लिरिक, म्हणजे हलक्या आणि गोड आवाजाचे टेनर असाल तर मोत्सार्टच्या ऑपेरांतले तामिनो, बेलमोन्ते, दॉन ओत्ताविओ तुमच्या वाट्याला. आज मोत्सार्ट, तीन दिवसांनी पुचिनी, मधल्या दिवसांत तिसऱ्याच ऑपेराची तालीम. करार बहुधा एकेका मोसमाचा. पंधरा वर्षं एका ऑपेरागृहात काढली की सहसा काढून टाकता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच अनेकांना त्याच्या थोडं आधी निरोप मिळतो. ही गोष्ट मला फार खटकते. चाळिशीतल्या गायकाने बायकामुलांना घेऊन पुन्हा नवं गाव शोधायचं!

ट्राक्सेल याच व्यवस्थेत वाढले. जन्म 1916 चा, माइन्झचा. पहिली भूमिका तिथेच, 1942 मध्ये, दॉन ओत्ताविओची, ऐन युद्धात. युद्ध संपल्यावर 1946 पासून न्यूर्नबर्ग आणि 1952 पासून श्टुटगार्ट. पुढे ते श्टुटगार्टचेच झाले, तिथल्या संगीत महाविद्यालयात शिकवलं, आणि 1975 मध्ये तिथेच वारले.

पण त्या काळचं श्टुटगार्ट म्हणजे काय, हे लक्षात घ्या. वाल्टर एरिख शेफर व्यवस्थापक, फेर्दिनांद लाइटनर संगीत संचालक, आणि संगीतकार वाग्नरचे नातू, दिग्दर्शक वीलांद वाग्नर तिथे इतकं काम करत की लोक त्या ऑपेराला ‘हिवाळी बायरॉइट’ म्हणत (बायरॉइट म्हणजे वाग्नरच्या ऑपेरांचा उन्हाळी महोत्सव भरतो ते गाव). वाग्नरच्या नायकांच्या भूमिका गाणारे वोल्फगांग विंडगासेन याच एनसेम्बलमध्ये. 1955 मध्ये फ्रित्स वुंडरलिख नावाचा पंचविशीचा पोरगा तिथे छोट्या भूमिकांसाठी रुजू झाला. ट्राक्सेल यांच्या जागी आयत्या वेळी तामिनो गायला तो उभा राहिला आणि त्याचं नशीब उघडलं. दोघं एकाच ध्वनिमुद्रणातही ऐकायला मिळतात: कार्ल फोर्स्टर यांनी 1961 मध्ये केलेलं बाखचं योहानेस-पासिओन, म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांची संगीतकथा. कथन वुंडरलिख करतो, टेनरच्या आरिया, म्हणजे एकल गाणी, ट्राक्सेल गातात. ते ऐकताना मला कधीही असं वाटलं नाही की एक मोठा आणि दुसरा छोटा आहे.

बाहेर त्यांना कोणी विचारत नव्हतं असंही नाही. रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डी लीबे देअर दानाए’चा पहिला जाहीर प्रयोग 1952 मध्ये साल्झबुर्गला झाला, त्यात मर्क्युरी त्यांनी गायला. बायरॉइटला ते 1950 च्या दशकात जात होते. तिथल्या 1955 च्या, वाग्नरच्या ‘फ्लिगेंडे होलेंडर’ मधला सुकाणूवाला त्यांचाच.

मग नाव का नाही? माझ्या मते मोठं कारण भाषेचं. त्या वेळी जर्मन ऑपेरागृहांत सगळंच जर्मनमध्ये गायलं जाई, व्हेर्दी आणि पुचिनीसुद्धा. समोर बसलेल्या माणसाला शब्द कळले पाहिजेत हा साधा आग्रह. भाषा सगळीकडे एकच, त्यामुळे शेजारच्या गावचा टेनर आजारी पडला तर तुम्ही रेल्वेने जाऊन त्याची भूमिका गाऊ शकत होता. पण जर्मनमध्ये गायलेला रोदोल्फो (पुचिनीच्या ‘ला बोएम’चा नायक) मिलान किंवा न्यूयॉर्कमध्ये कोण विकत घेणार? ट्राक्सेल यांची इटालियन ऑपेरांची ध्वनिमुद्रणं बहुतेक जर्मन भाषेत आहेत, म्हणून ती जर्मन श्रोत्यांपुरती राहिली. आवाजाचा त्यात काही दोष नाही.

मी श्टुटगार्टला राहते. एनसेम्बलमधल्या गायकांना वर्षानुवर्षं ऐकण्यात जे सुख आहे ते विमानाने येऊन एक प्रयोग करून जाणाऱ्या पाहुण्या कलाकाराकडून मिळत नाही. आवाज हळूहळू भरत जातो, काल प्रेयसी पामिनाच्या मागे धावणारा तामिनो काही वर्षांनी वाग्नरचा जड लोहेनग्रीन पेलतो, आणि गावाला ते सगळं माहीत असतं. हे आयुष्य मला दुय्यम वाटत नाही.

ऐकायचंच असेल तर आधी तो 1955 चा सुकाणूवाला ऐका. भूमिका लहान आहे, पण पहिल्या अंकातलं त्याचं गाणं बरेच गायक जोर लावून गातात. ट्राक्सेल वरच्या सुरांवर किती सहज जातात ते बघा. मग योहानेस-पासिओन. त्यानंतर जर्मन भाषेतलं इटालियन संगीत ऐका, सुरुवातीला कानाला विचित्र लागेल, पण दोन आरियांनंतर सवय होते.