पीएनजी केलं, तरी मोडी अक्षराभोवतीची धूळ का जात नाही?

प्रश्न : आजोबांचे जमिनीचे मोडी कागद घरीच स्कॅन करून जेपीजीत ठेवले होते. अक्षरांभोवती करडी धूळ दिसते. 'पीएनजीत काही हरवत नाही' असं कळल्यावर सगळ्या फायली पीएनजी केल्या. त्या कितीतरी जड झाल्या, धूळ मात्र तशीच. मग उपयोग काय? – एक वाचक, वाई

उत्तर : उपयोग शून्य. त्या पीएनजी खुशाल उडवा, जेपीजी तेवढ्या ठेवा.

ही धूळ कागदावरची नाही. जेपीजी चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला फारसं जाणवणार नाही ते टाकून देतं. बारशाच्या फोटोत ते खपून जातं. पण काळ्या शाईची कड पांढऱ्या कागदाला भिडते तिथे करडे कण उठतात. पीएनजीच्या लेखी तेही चित्रच, म्हणून त्यानं ते इमानेइतबारे जपले.

पीएनजी टाकत काहीच नाही, लिहिण्यात काटकसर करतं. ओळीतल्या ठिपक्यांच्या उजेडाचे आकडे २००, २०१, २०२, २०३ असतील, तर ते २००, १, १, १ असं लिहू शकतं, म्हणजे शेजाऱ्यापासूनचा फरक तेवढा. सारखे आकडे आवळून बांधता येतात. उघडताना बेरीज केली की मूळ आकडे परत. कणांमुळे शेजारी शेजाऱ्याशी जुळेना, की फाइल फुगलीच.

छपाईच्या धंद्यात फायलींनी माझे हात अनेकदा पोळलेत, त्यामुळे मी तपासल्याशिवाय मानत नाही. एकच कागद नव्यानं स्कॅन करून टिफमध्ये, म्हणजे सहसा काही न टाकणाऱ्या दुसऱ्या एका फाइल-प्रकारात ठेवा. त्याचीच एक पीएनजी करा, एक जेपीजी. गिंप या चित्रं हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये टिफवर पीएनजीचा थर ठेवून 'डिफरन्स' (दोन थरांतला फरक तेवढा दाखवणारा पर्याय) निवडा. सगळं काळंकुट्ट दिसलं पाहिजे. एकदोन अंकांचा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून उजेड ताणूनही बघा. आता पीएनजीच्या जागी जेपीजी ठेवा : अक्षरांच्या कडा भुतासारख्या उभ्या राहतात. पीएनजीतही फरक दिसला, तर सेव्ह करताना रंग २५६ वर आणलेत का ते बघा. दोष तिथला.

चित्रं उघडणारं सॉफ्टवेअरच तपासायचं असेल, तर विलेम व्हान स्खाइक यांचा 'पीएनजीसूट' हा नमुना-चित्रांचा संच आहे. बहुतेक चित्रं ३२ × ३२ ठिपक्यांची, नखाएवढी. गंमत म्हणजे त्यातल्या 'एक्स'नं सुरू होणाऱ्या नावांच्या फायली मुद्दाम बिघडवलेल्या आहेत. खऱ्या पीएनजी फाइलीचे पहिले आठ बाइट, म्हणजे सुरुवातीचे आठ आकडे, सहीसारखे ठरलेले : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. काही 'एक्स' फायलींत ही सहीच मोडलेली आहे. सॉफ्टवेअरनं अशी फाइल नाकारली, तर ते पास.

तुमच्या कागदांना मात्र पुन्हा स्कॅनरवर चढवण्यावाचून गत्यंतर नाही. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), थेट पीएनजी किंवा टिफ. आणि मोडी वाचणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलंत की धूळ परत आलीच.