कंपन ‘शोषायचे’ की ‘विलग करायचे’?

प्रश्न असा आला आहे : ‘फोर्स्ड व्हायब्रेशन’ला ‘सक्तीचे कंपन’ आणि ‘व्हायब्रेशन आयसोलेशन’ला (मशीनची कंपने जमिनीपर्यंत पोचू न देण्याला) ‘कंपनशोषण’ म्हटले तर चालेल का?

पहिले बोलण्यात चालेल. लिहिताना मी ‘प्रणोदित कंपन’ घेईन. शब्द जड वाटतो, पण त्यातला ‘नुद्’ म्हणजे ढकलणे, सारणे. (‘विनोद’ही त्याच धातूचा : शीण दूर सारणारा.) झोका एकदा ढकलून सोडला की तो स्वतःच्या लयीत हलतो. हात न काढता तोच पुढेमागे हलवत राहिलात, तर लय तुमच्या हाताची. प्रणोदित कंपन ते हेच. वेग ढकलणाऱ्याचा, हलणाऱ्याची स्वतःची लय त्याच्याशी जुळली की हालचाल बेसुमार वाढते, ते अनुस्पंदन.

‘कंपनशोषण’ मात्र नको. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ तोंडात बसल्यामुळे मशीनखालची स्प्रिंग किंवा रबर कंपने पिऊन टाकते असे वाटू लागते. तसे होत नाही. मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटर घ्या. तोल थोडा जरी बिघडलेला असला, तरी ती सेकंदाला २४ वेळा ढकलते. मशीनच्या वजनाने १० मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगांवर ती ठेवली, तर तिची स्वतःची लय सेकंदाला ५ हेलकाव्यांच्या आसपास येते आणि जमिनीपर्यंत त्या जोराचा जेमतेम विसावा हिस्सा पोचतो. स्प्रिंग कडक, अर्ध्याच मिलिमीटरने दबणारी असेल, तर लय २२ च्या घरात जाते, २४ च्या अगदी शेजारी. मग जमिनीला मूळ जोराच्या कित्येक पट धक्के बसतात. ढकलण्याचा वेग स्वतःच्या लयीच्या १.४१ पटीपलीकडे गेला तरच फायदा सुरू होतो. आणि त्या पलीकडच्या भागात ऊर्जा खरोखर शोषणारे अवमंदन (डॅम्पिंग) वाढवले, तर जमिनीला जाणारा जोर उलट वाढतो! ‘शोषण’ हा शब्द इथे सरळ दिशाभूल करतो.

म्हणून ‘कंपन-विलगीकरण’. ‘लग्’ म्हणजे चिकटणे, आपले ‘लागणे’ आणि ‘लगत’ त्यातूनच आले. विलग करणे म्हणजे लागून असलेले सुटे करणे. साथीच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला, आणि त्याचा तिथला अर्थ इथेही तंतोतंत लागू पडतो : विलगीकरणाने रोगी बरा होत नाही, फक्त लागण थांबते. मशीनही हलतच राहते.

शोषणाला जागा आहे, पण वेगळ्या क्षणी. वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागते तेव्हा वर हात ठेवून पाहा. वेग चढताना मध्येच काही क्षण ते अंग घुसळते, मग भरधाव फिरतानाही शांत होते. थांबताना पुन्हा तोच हिसका. ड्रमची स्वतःची लय ओलांडली जाते ती तिथे. त्या काही क्षणांसाठी अवमंदक लागतो, आणि ‘शोषक’ म्हणायचेच तर त्याला म्हणावे.